जाळीछताची कुळकथा

प्रागच्या किल्ल्यातील सेंट व्हायटसच्या महामंदिरात वेदीकडील भागी उभे राहून मान वर केली, की छताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दगडी फासळ्यांची जी अखंड जाळी दृष्टीस पडते, तिचे कूळ शोधताना आरंभ १३४४ सालापासून करावा लागतो. त्या साली प्रागला आर्चबिशपची गादी मिळाली, आणि पुढे सम्राटपदास पोहोचलेल्या चौथ्या चार्ल्सने आव्हिन्योंहून आणविलेल्या आरासच्या मॅथियास या फ्रेंच स्थपतीच्या हवाली नव्या मंदिराचे काम केले. मॅथियास १३५२ साली निवर्तला. १३५६ मध्ये त्याच्या जागी नेमणूक झाली ती अवघ्या २३ वर्षांच्या पेटर पार्लरची.

फ्रेंच गॉथिक रीतीत प्रत्येक खणाच्या माथ्यावर कर्णांच्या दोन फासळ्या एकमेकींना छेदीत आणि दोन खणांमधली आडवी कमान छताचे स्पष्ट विभाग पाडी. फासळ्यांच्या नक्षीदार रचनेचे प्रयोग इंग्लंडात आधीच झाले होते. परंतु मध्य युरोपात त्या विचारास प्रौढत्व आले ते पार्लरच्या हाती. १३६७ त पुण्याभिषिक्त झालेल्या सेंट वेन्सेस्लासच्या उपमंदिरात, जेथे भिंतींचा खालचा भाग घोटीव रंगीत रत्नपाषाणांनी मढविला आहे, त्याने रूढीप्रमाणे फासळ्या चौरस दालनाच्या कोपऱ्यांतून न काढता प्रत्येक भिंतीच्या मध्यभागातून दोन-दोन अशा उगवविल्या आणि कोपरे मोकळे सोडले. मुख्य वेदीवरील उंच छतात तर त्याने आडव्या कमानीच गाळल्या आणि एका कर्णाच्या जागी समांतर धावणाऱ्या दोन फासळ्या योजून त्यांस खणांच्या सीमा ओलांडू दिल्या. १३८५ साली हे छत पुरे झाले, आणि खणाखणांत विभागलेले छत एकसंध झाले. याच मंदिराच्या वरच्या सज्जात सम्राट व राजकुलातील व्यक्तींच्या अर्धपुतळ्यांच्या पंक्तीत मॅथियास व पार्लर या दोघा स्थपतींनाही स्थान मिळाले, हे त्या दरबाराच्या गुणग्राहकतेस भूषणावह होय.

पार्लर १३९९ मध्ये वारला, आणि पुढे हुसाइट युद्धांच्या धामधुमीत मंदिराचे काम थांबले. विद्या मात्र खंडित झाली नाही. त्याच किल्ल्यात १५०२ च्या सुमारास बेनेडिक्ट रीड याने व्लादिस्लाव सभागृहाच्या सुमारे १६ मीटर रुंदीच्या छतावर फासळ्यांना वक्र वळणे दिली. खणाचे बंधन पार्लरने सोडविले होते; सरळ रेषेचेही बंधन रीडने सोडविले, आणि भार पेलण्यासाठी जन्मलेली फासळी स्वयंपूर्ण शिल्पाच्या पदवीस चढली.