मोटारगाडीतील वातानुकूलन
मोटारीच्या आतील हवा थंड व कोरडी करणारी यंत्रणा. एंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा काँप्रेसर शीतकाचा वायू दाबतो; रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून तो द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरताच इव्हॅपोरेटरमध्ये त्याची वाफ होते व आतली उष्णता शोषली जाते. हवेतील बाष्पाचे पाणी गाडीखाली ठिबकते. ती गळती नव्हे. आर-१३४ए हे शीतक सामान्य दाबाला सुमारे उणे २६° से.वर उकळते.

जपावे लागते ते मुख्यतः काँप्रेसरला. त्याचे वंगणतेल शीतकाबरोबरच फिरते. गॅस गळाला की तेलही पोहोचत नाही आणि काँप्रेसर जाम होतो. म्हणून दाब फार उतरल्यास प्रेशर स्विचमुळे चुंबकी क्लच सुटतो, पुली नुसतीच फिरत राहते. कंडेन्सरचा पंखा बंद पडून दाब बेसुमार चढला तरी तेच. इव्हॅपोरेटरवर बर्फ धरू लागण्याआधी तापमान संवेदक काँप्रेसर थांबवतो. स्विचच्या वायरी परस्पर जोडून तो चालवण्याची गॅरेजमधली युक्ती मात्र काँप्रेसरच्याच मुळावर येते.