जाते, माग आणि जाखडी

‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की तिचा अर्थ कोणी मनावर घेत नाही. डोके धरून बसल्याने जे सुचत नाही ते हात फिरू लागला की सुचते, असे ती सांगते. हा अनुभव पंडितांचा नव्हे, दळणाऱ्या-कांडणाऱ्या बायकांचा. आणि तो फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्याआधी दीडएकशे वर्षे ओवी मुसळाच्या घावावर चालतच होती.

जात्याशी दोघी समोरासमोर बसत. खुंटा फिरे, मुठीने वैरण पडे. हाताला वळण लागलेले, म्हणून मन मोकळे. शिवाय घरघरीचा आडोसा. माजघरात जे बोलायची सोय नव्हती ते सासुरवासाचे दुःख ओवीत बोलता येई. माहेर आले, भाऊ आला, विठ्ठल आला. पुढे बाबासाहेब आंबेडकरही आले. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रयत्नांनी अशा लाखावर ओव्या गोळा झाल्या. पिठाची चक्की आली आणि बाईचे पहाटेचे कष्ट सुटले, हे चांगलेच झाले. जात्याचे गोडवे गाणारे पुरुष दळायला बसलेले आम्ही तरी पाहिले नाहीत! परंतु ते बोलायचे ठिकाणही गेले, हे नमूद करावयास हवे.

कार्ल ब्यूशर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये श्रम आणि लय यांवर ग्रंथ लिहिला. गाण्याचा उगम त्याने श्रमाच्या लयीत शोधला. आम्हां चळवळीतल्या माणसांना हे सहज पटते. बैठकीत दोन तास न सुचलेली घोषणा मोर्चा चार पावले चालला की कोणीतरी देऊन मोकळा होतो.

मग गिरणीत का सुचू नये? तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह, हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. तिथे हातपाय दिवसभर हलत होतेच. पण जात्याची गती दळणारीच्या हातात असते. मागाची गती मालकाच्या हातात. विणकराचे लक्ष तुटणाऱ्या धाग्यावर टांगलेले, आणि खडखडाटात शेजाऱ्याशीही खुणांनी बोलायचे. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, असा आग्रह सुरू झाला. १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले, त्याच्या मुळाशी हे वाढते काम होते. त्या लढ्याचा हिशेब सहसा पगाराच्या आकड्यांत मांडतात. आमच्या मते माणसाला स्वतःचा विचार करायला उसंत राहावी, हीही त्यातली मागणी होती. कागदावर ती कोणी लिहिली नसेल.

ही उसंत कोकणी कामगाराने चाळीत मिळवली. पाळी सुटली की गणपतीच्या दिवसांत जाखडी उभी राही. मध्ये ढोलकी आणि गाणारे, भोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारे. शक्तीवाल्यांनी सवाल टाकायचा, तुरेवाल्यांनी जबाब द्यायचा. दिवसभर यंत्रामागे धावलेले तेच पाय आता स्वतःच्या ठेक्यावर पडत आणि शाहिराला जबाब सुचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. जाखडीचा फेर मात्र आपल्या जिल्ह्यात अजून गणपतीत धरला जातो.