कॅम्पोरी, कंपू आणि बिल्ला

अमेरिकेतल्या स्काऊटांच्या गणवेशात उजव्या खिशावरची जागा तात्पुरत्या बिल्ल्याची असते. शनिवार-रविवारचं शिबिर झालं की त्याचा कापडी बिल्ला तिथे लागतो. पुढचं शिबिर आलं की आधीचा बिल्ला उतरवून पेटीत ठेवतात, नाहीतर बिल्ल्यांनी भरत चाललेल्या पांघरुणावर शिवून टाकतात. मधे तंबू किंवा डोंगर, खाली साल, आणि कडेने वळवलेल्या अक्षरांत बहुतेकदा एक शब्द भेटतो : ‘कॅम्पोरी’.

‘कॅम्प’ आणि ‘जांबोरी’ हे दोन शब्द सांधून तो केलेला आहे. देशभरातले किंवा जगभरातले स्काऊट जमले तर जांबोरी. आसपासची पथकं एकत्र तंबू ठोकून राहिली तर कॅम्पोरी. यातल्या ‘कॅम्प’शी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. लॅटिनमध्ये ‘कांपुस’ म्हणजे मैदान. फौज मैदानात उतरायची, म्हणून तळालाच ते नाव पडलं. पोर्तुगीजमध्ये त्याचं ‘कांपो’ झालं आणि मराठ्यांच्या फौजेत ‘कंपू’. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, त्या पलटणींच्या जथ्याला कंपू म्हणत. कंपू थेट इंग्रजी ‘कॅम्प’वरून आला असंही काहीजण मानतात. मला पोर्तुगीज मूळ पटतं, कारण पोर्तुगीज माणूस शब्दाच्या शेवटचा ‘ओ’ जवळजवळ ‘उ’सारखा उच्चारतो; ‘कंपू’तला ‘ऊ’ तिथूनच आला असणार. ग्वाल्हेरला कंपू नावाची वस्ती अजून आहे. मराठीत मात्र तोफा-बंदुका गेल्या आणि उरली ती कंपूबाजी. एकाच मैदानातून निघालेले दोन शब्द : तिकडचा मुलांना एकत्र आणतो, इकडचा माणसांत तट पाडतो.

‘जांबोरी’चं मूळ कोणालाच सापडलेलं नाही. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1920 साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात भरवलेल्या पहिल्या जागतिक मेळाव्याला हे नाव दिलं आणि तेव्हापासून ते स्काऊटांचंच होऊन बसलं. बेडन-पॉवेल आफ्रिकेत राहिलेले, त्यामुळे हा शब्द स्वाहिलीतल्या ‘जांबो’ या अभिवादनावरून घेतला, असं हौसेने सांगितलं जातं. पण अमेरिकन बोलीत हा शब्द 1860च्या दशकातच दंगामस्तीच्या जल्लोषासाठी वापरात होता, आणि तेव्हा बेडन-पॉवेल अगदी लहान होते. युकर नावाच्या पत्त्यांच्या डावात हुकुमाची पाच सर्वांत मोठी पानं एका हाती आली तर त्यालाही जांबोरी म्हणत. हे पुरावे समोर असताना स्वाहिलीची गोष्ट सोडून द्यावी.

अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेची राष्ट्रीय जांबोरी वॉशिंग्टनला 1935 साली भरायची होती. पोलिओच्या साथीमुळे ती ऐन वेळी रद्द झाली आणि 1937 साली भरली. 1935चे बिल्ले मात्र आधीच तयार होते. न झालेल्या मेळाव्याचं ते स्मृतिचिन्ह संग्राहक आजही जपून ठेवतात.

संग्राहक बिल्ला हातात घेतला की चित्राआधी त्याची कड पाहतात. जुन्या बिल्ल्याची कड साधी कापलेली असते. नंतरच्या बिल्ल्याच्या कडेला जाड दोऱ्याचा गोलसर गोठ असतो, आणि बिल्ला उलटा केला तर दोऱ्याचं उरलेलं शेपूट मागे चिकटवलेलं दिसतं. या गोठाला तिकडे ‘मेरोड’ कड म्हणतात. मूळच्या कनेक्टिकटमधल्या मेरो घराण्याच्या कारखान्याने बनवलेल्या शिलाई यंत्राने ती घातली जाते, आणि घराण्याचं आडनाव सरळ क्रियापद झालं. आपल्याकडचा शिंपी त्याच जातीच्या शिलाईला ‘इंटरलॉक’ म्हणतो.

आता या कापडी चकतीला मराठीत काय म्हणावं? इंग्रजी ‘पॅच’चा नेहमीचा अर्थ ‘ठिगळ’. पण ठिगळ फाटक्याला लावतात. मानाने मिरवायच्या वस्तूला ते नाव कोणी देणार नाही. ‘पदक’ जिंकावं लागतं, आणि हा बिल्ला तर नुसतं हजर राहिल्याबद्दल मिळतो. ‘चपरास’ हाही एक जुना शब्द आहे. कचेरीचं नाव कोरलेली पितळी पाटी म्हणजे चपरास. ती अंगावर वागवणारा तो चपराशी. खांद्यावरून तिरपा पट्टा घालणारा तो पट्टेवाला. दोन्ही शब्दांत माणसाची ओळख अंगावरच्या खुणेने ठरली, पण ती खूण चाकरीची होती. ‘बिल्ला’ हा शब्दही तसाच हुद्देदारांच्या आणि हमालांच्या अंगावरून आलेला, तरी आज तो सर्वांचा आहे : स्वयंसेवकाचा, खेळाडूचा, शाळेतल्या वर्गप्रमुखाचा. म्हणून मला तोच योग्य वाटतो.

जांबोरीसाठी ‘मेळावा’ हा शब्द आपल्या शाळांनी केव्हाच रुळवला आहे. ‘कब-बुलबुल मेळावा’ म्हटलं की मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. स्काऊटला ‘बालवीर’ आणि गाइडला ‘वीरबाला’ हे शब्दही मराठीत आहेत, पण अलीकडे ते क्वचितच कानावर येतात. शिक्षकांना एवढंच सांगणं आहे : पुढच्या शिबिराचा बिल्ला करून घ्याल तेव्हा त्यावर गावाचं नाव आणि साल देवनागरीत घाला, आणि ‘बालवीर मेळावा’ असं स्वच्छ मराठीत लिहा.