नवरदेवाविना वरात

आमच्या वाड्यातलं एक बिऱ्हाड एकदा रात्रीतून नाहीसं झालं. संध्याकाळी त्या घरातल्या काकू दारात बसून तांदूळ पाखडत होत्या, आणि सकाळी पाहावं तर दाराला कुलूपसुद्धा नाही. पाच महिन्यांचं भाडं थकलेलं. मालकांनी आत शिरून पंचनामा केला, तेव्हा भिंतीवर एक कॅलेंडर, कोनाड्यात प्रायमसची वाकडी पिन आणि खुंटीला काड्या निघालेली छत्री, एवढीच काय ती इस्टेट सापडली. पण मालक धोरणी. ते तडक परटाकडे गेले आणि त्या गृहस्थांची धुवायला टाकलेली दोन धोतरं ताब्यात घेऊन आले. 'जप्तीची धोतरं' म्हणून पुढे वाड्यात ती बरीच वर्षं प्रसिद्ध होती.

आम्हा मुलांना भाड्याचं सुतक नव्हतं. आमचं दुःख निराळं होतं. त्या घरातला मुलगा आमच्या टीमचा विकेटकीपर होता, आणि जाताना तो वाड्यातली ग्लोव्ह्जची एकुलती एक जोडी घेऊन गेला होता. शनिवारी शेजारच्या वाड्याशी मॅच! ती आम्ही कशी हरलो ते सांगत नाही. पण एका विकेटकीपरच्या जाण्यानं आम्ही पोरं आठ दिवस जेवणावर रुसलो होतो. अख्खी टीमच रात्री ट्रकमध्ये भरून कुणी नेली असती, तर आमचं काय झालं असतं?

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे मला फार उशिरा कळलं. आमचा पुतण्या अमेरिकेत क्लीव्हलंडला असतो. त्याच्याकडे गेलो असताना मी एकदा सहज विचारलं, "का रे, इथली फुटबॉलची टीम कितपत आहे?" त्यानं आधी खिडकी लावून घेतली. म्हणाला, "काका, हा विषय जरा हळू बोला. शेजारचे आजोबा अंगणात आहेत."

अमेरिकन फुटबॉल हा एक अजब खेळ. चेंडू अंड्यासारखा, आणि त्याला पाय लावण्याचा प्रसंग क्वचितच. पण खेळापेक्षाही अजब आहे ती त्याच्या मालकीची पद्धत. तिथला संघ म्हणजे कुणा असोसिएशनचा कारभार नव्हे. तो एखाद्या पिठाच्या गिरणीसारखा खाजगी मालकीचा असतो. लीगमध्ये संघ किती असावेत ते मालक मंडळी आपसात ठरवतात, आणि ते नेहमी शहरांपेक्षा कमीच ठेवतात. म्हणजे उपवर मुलगे थोडे आणि मुलींचे बाप फार, असा हा बाजार. मग हुंडा आलाच. हुंड्यात सोनंनाणं मागत नाहीत, स्टेडियम मागतात. तेही नवं, आणि जनतेच्या करातून बांधलेलं. "द्या, नाहीतर आम्ही दुसरं स्थळ पाहतो!" असं म्हणायला मालक मोकळे.

आता बाल्टिमोरची हकिगत ऐका. तिथे १९५३ पासून कोल्ट्स नावाचा संघ होता. जॉनी युनायटस हा त्यांचा दैवतासमान खेळाडू. १९७२ साली रॉबर्ट इर्से नावाच्या गृहस्थांनी लॉस एंजेलिसचा रॅम्स संघ विकत घेतला आणि कोल्ट्सचे मालक कॅरोल रोझेनब्लूम यांच्याशी सरळ अदलाबदल केली. माझा संघ तुला, तुझा मला! आपल्याकडे साटंलोटं करताना निदान मुलामुलींना तरी विचारतात. इथे बाल्टिमोरला कोण विचारतो? पुढे इर्सेसाहेबांना जुनं मेमोरियल स्टेडियम पसंत पडेना, आणि ते इतर शहरांत स्थळं पाहत हिंडू लागले.

तेव्हा मेरिलँड राज्याच्या विधिमंडळाला एक युक्ती सुचली. सरकार रस्तारुंदीसाठी वाडा ताब्यात घेतं ना, तसा योग्य मोबदला देऊन फुटबॉलचा संघच संपादन करावा! २७ मार्च १९८४ ला सिनेटनं तसं विधेयक संमतसुद्धा केलं. रस्तारुंदीत वाडा जातो, कारण वाड्याला पाय नसतात. संघाला आहेत, आणि एकेका खेळाडूचे चांगले खांबासारखे आहेत, हे त्या सिनेटरांच्या ध्यानात आलं नाही. २८ मार्चच्या रात्री, बर्फ पडत असताना, कोल्ट्सच्या कचेरीसमोर मेफ्लॉवर कंपनीचे पंधरा ट्रक येऊन उभे राहिले. हेल्मेटं, पॅड, टेबलं, फायली, सगळं भराभर चढवलं. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ट्रक वेगवेगळ्या वाटांनी गेले म्हणतात. सकाळी बाल्टिमोरला जाग आली तेव्हा बिऱ्हाड इंडियानापोलिसच्या रस्त्याला लागलं होतं. तिथे नवंकोरं, छपराचं स्टेडियम बांधून तयारच होतं. महापौर विल्यम डोनाल्ड शेफर यांना कुणी साधं सांगितलंही नव्हतं. २९ तारखेला गव्हर्नरांनी त्या कायद्यावर सही केली. आमचे मालकसुद्धा धोतरं आणायला गेले, पण निदान त्याच सकाळी गेले!

आणि धोतरांवरून आठवलं. कोल्ट्सचा एक बँड होता. १९४७ साली निघालेला, म्हणजे १९५३ च्या संघाहून वयानं मोठा. याच नावाचा आधीचा एक संघ १९५० नंतर बंद पडला होता, तेव्हाही हा बँड वाजतच राहिला होता. नवरदेवावाचून वरात काढण्याचा त्यांना पूर्वानुभव होता म्हणायचा. तर १९८४ च्या त्या रात्री संघाची यच्चयावत चीजवस्तू गेली, पण बँडचे गणवेश वाचले. का? तर ते लाँड्रीत होते! बँडच्या मंडळींनी ते हस्तगत केले आणि काही काळ म्हणे एका कबरस्तानातल्या कबरघरात दडवून ठेवले. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मालकांची फार आठवण झाली. परीट ही संस्था जगात सगळीकडे मागे राहिलेल्यांच्या बाजूची असते.

त्यानंतर हा बँड संघ नसताना तब्बल बारा वर्षं वाजत राहिला. मिरवणुकांत वाजला, दुसऱ्यांच्या संघांच्या सामन्यांत मध्यंतराला वाजला. वाद्यांसाठी बँडचे प्रमुख जॉन झीमन आणि त्यांच्या पत्नी यांनी लग्नाची अंगठी गहाण टाकली. १९८७ मध्ये नव्या स्टेडियमसाठी पैसे मंजूर करायचे की नाही यावर ॲनापोलिसला विधिमंडळात खल चालला होता, तेव्हा हे लोक गणवेश चढवून विधानभवनाच्या पायऱ्यांवर वाजवायला गेले. समोर घोडा नाही, मांडव नाही, वधूपिता डोळे पुसतोय, आणि बँड आपला वाजतोच आहे. हसावं की रडावं कळत नाही. आमची ही म्हणाली, "वेडी माणसं!" मग थोडं थांबून म्हणाली, "अंगठी सोडवली का हो पुढे?"

१९९३ साली लीगनं दोन नवे संघ काढायचे ठरवले. बाल्टिमोर नटूनथटून बसलं. संघ गेले शार्लट आणि जॅक्सनव्हिलला. इतकी वर्षं पोरकं राहिलेल्या शहरानं मग काय केलं असेल? ज्याचा खिसा कापला जातो, तो आधी पोलिसांत जातो. तिथे दाद लागली नाही, की तोही गर्दीत शेजाऱ्याच्या खिशाकडे बघू लागतो.

तो शेजारी म्हणजे क्लीव्हलंड. तिथला ब्राउन्स संघ १९४६ चा, पहिले प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्या नावाचा. १९६१ मध्ये तो आर्ट मॉडेल यांनी घेतला आणि १९६३ मध्ये खुद्द पॉल ब्राउन यांनाच काढून टाकलं. (गोखले मंगल कार्यालयातून गोखल्यांना बाहेर काढण्यापैकीच हे!) पण मॉडेल म्हणजे काही खलनायक नव्हेत. शहराचं म्हातारं स्टेडियम त्यांनी सत्तरीच्या दशकात स्वतः चालवायला घेतलं होतं आणि त्यात बेसबॉलचा संघ पोटभाडेकरू ठेवला होता. १९९४ मध्ये बेसबॉलवाले शहरानं बांधून दिलेल्या नव्या जागेत गेले. पोटभाडेकरू गेला, भाडं बुडालं, आणि डागडुजीचा खर्च मात्र मॉडेल यांच्या गळ्यात. त्यांनी शहराकडे दुरुस्तीसाठी साडेसतरा कोटी डॉलर मागितले. ते येईतो धीर धरवला नाही. विमानतळावर उभ्या असलेल्या एका खाजगी विमानात बसून त्यांनी गुपचूप बाल्टिमोरशी सोयरीक पक्की केली, आणि ६ नोव्हेंबर १९९५ ला जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडमध्ये मतदान होतं: स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवायचा का? लोकांनी प्रचंड बहुमतानं हो म्हटलं! नवरा आदल्या दिवशी पळालाय, आणि मुलीकडचे हुंड्याच्या पैशांसाठी घर गहाण टाकतायत.

पण क्लीव्हलंडचे लोक रडत बसले नाहीत. महापौर मायकेल व्हाइट कोर्टात गेले, कारण स्टेडियमचा करार १९९८ पर्यंतचा होता. लोकांनी लीगच्या कचेरीत फॅक्सचा पाऊस पाडला. त्या स्टेडियमच्या एका टोकाला 'डॉग पाउंड' नावाची जागा होती. तिथले प्रेक्षक कुत्र्यांचे मुखवटे घालून येत आणि मैदानावर कुत्र्यांची बिस्किटं फेकत. १७ डिसेंबरला तिथला शेवटचा सामना झाला. ब्राउन्स २६-१० असे जिंकले, पण निकालाकडे लक्ष कुणाचं होतं? लोक घरून करवती आणि पाने घेऊन आले होते. बाकं उचकटण्याचा आवाज सामनाभर येत होता. शेवटी मैदानात इतकं सामान येऊन पडलं, की पंचांनी त्या टोकाला खेळच नको म्हणून बाजू बदलली. सामना संपल्यावर अर्नेस्ट बायनर आणि आणखी काही खेळाडू कठड्यापाशी गेले आणि मुखवटेवाल्यांच्या गळ्यात पडले.

फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली. मॉडेल यांनी खेळाडू न्यावेत, पण 'ब्राउन्स' हे नाव, रंग आणि सगळा इतिहास क्लीव्हलंडलाच राहील, आणि १९९९ पर्यंत लीगनं तिथे नवा संघ द्यावा. याला म्हणतात परटाकडून धोतरं आणणं! बाल्टिमोरला गेलेल्या संघाला मग नवं नाव शोधावं लागलं. त्या गावात एडगर ॲलन पो या कवीची कबर आहे, तेव्हा त्याच्या कवितेवरून नाव ठेवलं 'रेव्हन्स', म्हणजे डोमकावळे. त्या बारा वर्षं ताटकळलेल्या बँडलाही अखेर नवरदेव मिळाला. पण तो दुसऱ्याच्या मांडवातून उचललेला.

आता गंमत पाहा. पळवलेला संघ जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल जिंकला. आणि क्लीव्हलंडचा नवा संघ १९९९ मधला पहिलाच सामना ४३-० असा हरला. २०१७ च्या हंगामात तर सोळापैकी सोळा सामने हरला. तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोकांनी नव्या स्टेडियमभोवती प्रदक्षिणा घालून रस्त्यावर शून्याचा आकडा काढला. आमचा पुतण्याही त्या शून्यात होता. आयुष्यात त्याची ही पहिली विजययात्रा. गेल्या काही वर्षांत मालकांनी पुन्हा नव्या छपराच्या स्टेडियमचा हट्ट धरला. या वेळी शहराबाहेरच्या ब्रूक पार्क उपनगरात. कोर्टकचेरी झाली आणि २०२५ मध्ये तडजोडही झाली. पण ते सगळं फोनवर ऐकलेलं.

पुतण्याच्या शेजारच्या त्या आजोबांकडे एकदा जाऊन आलो. बैठकीत सोफासेट, टीव्ही, आणि मधोमध लाकडी पट्ट्यांच्या, लोखंडी पायांच्या दोन जुनाट खुर्च्या. पाय मुळाशी वाकडेतिकडे कापलेले. करवतीचं काम त्यांचं स्वतःचं. जुनं स्टेडियम पाडल्यावर त्याचा राडारोडा ईरी सरोवरात टाकून माशांसाठी कृत्रिम खडक केले, तेही त्यांनी सांगितलं. "म्हणजे आता आमच्या जागी मासे बसतात." मी अदबीनं खुर्चीवर बसलो. पाठीत पट्टी टोचत होती, पण उठायचा धीर झाला नाही.

"तुमच्या गावात आहे का संघ?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की होता. एफसी पुणे सिटी. २०१४ मध्ये आला, बालेवाडीला खेळायचा. २०१९ मध्ये आवरला, आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. (पुढे २०२५ मध्ये हैदराबादचंही बिऱ्हाड दिल्लीला हललं, पण ते तेव्हा व्हायचं होतं.) २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे क्रिकेट सामने पुण्यात हलवले, तेव्हा तिथले लोक खास रेल्वेगाडी भरून आमच्याकडे आले होते, हेही मी जरा अभिमानानं सांगितलं. गाडीनं प्रेक्षकच संघामागे जातात ही कल्पना आजोबांना फार आवडली. मग ते मूळ मुद्द्यावर आले.

"तुमच्या त्या पुण्याच्या संघाचं नाव? ते तरी ठेवून घेतलंत की नाही?"

"नाही हो. कुणी मागितलंच नाही."

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. बाल्टिमोरचं नाव काढलं की त्यांचा चेहरा कडू होतो, असं पुतण्यानं बजावलं होतं. पण तेच म्हणाले, "बाल्टिमोरला मी कधी माफ करणार नाही. तो बँड सोडून. ती माणसं चांगली." आणि मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे बँड आहे?"

"ढोल-ताशे आहेत की," मी म्हटलं. "पण ते गणपतीला बुक असतात."