घाटाखालचे माहेर



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चूल सांभाळता सांभाळता जेवढे वाचायला मिळाले तेवढेच. परंतु गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जणी रत्नागिरी जिल्हा पाहून आलो. जाताना वाटले होते, परक्या मुलखात चाललो आहोत. परतताना मात्र माहेरी जाऊन आल्यासारखे वाटत होते. ते का, एवढेच येथे सांगते.

आपले कुरुंदवाड पटवर्धनांचे संस्थान होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. १८५४ साली त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या आणि १९४८ साली ते विलीन झाले. पण हे घराणे मूळचे घाटावरचे नव्हे. त्यांचे मूळ पुरुष हरभट हे रत्नागिरीजवळच्या कोतवडे गावचे. गणपतीपुळ्याच्या गणपतीचे ते मोठे भक्त. पुढे ते घाट चढून वर आले आणि इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय झाले. त्यांच्या मुलांनी पेशव्यांच्या पदरी पराक्रम गाजवला व त्यांपैकी त्रिंबक हरी यांच्या शाखेकडे आपले कुरुंदवाड आले. आपण नदीवर ज्या घाटाच्या पायऱ्या उतरतो, त्या गावाचा धागा असा समुद्राला जाऊन मिळतो.

आम्ही कोल्हापूर, मलकापूरवरून आंबा घाटाने खाली उतरलो. घाट संपला तशी माती तांबडी झाली. आपल्याकडे काळा दगड, तर तिकडे जांभा. घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, कुंपणे जांभ्याची, विहिरीही त्यातच खोदलेल्या. गणपतीपुळ्याला देव डोंगराच्या पोटाशी पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे. त्याला प्रदक्षिणा घालायची म्हणजे सगळ्या डोंगरालाच घालावी लागते. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्या कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आपली कृष्णामाई पूर्वेला गेली, नाहीतर इथेच आली असती."

तेथून दक्षिणेला राजापूर तालुक्यात समुद्राकाठी कशेळी नावाचे गाव आहे. तेथे कनकादित्याचे म्हणजे सूर्यनारायणाचे देऊळ आहे. आपल्याकडे सूर्याचे देऊळ फारसे आढळत नाही. त्याची कथा अशी सांगतात की, प्रभासपट्टणहून एक व्यापारी गलबतातून सूर्याच्या मूर्ती घेऊन निघाला होता. कशेळीच्या किनाऱ्यासमोर गलबत अडले, काही केल्या पुढे सरकेना. तेव्हा त्याने एक मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली आणि गलबत चालू लागले. गावात कनका नावाची एक कलावंतीण होती. तिची सूर्यावर निष्ठा. देवाने तिला स्वप्नात येऊन आपली जागा सांगितली. तिने गावकऱ्यांना सांगितले, मूर्ती आणून स्थापन झाली आणि देवाला नाव पडले ते तिच्यावरूनच. अजून रथसप्तमीला तेथे मोठा उत्सव होतो.

याच गावाचा आपल्या कोल्हापूरशी लेखी संबंध आहे. पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज याने शके १११३, म्हणजे इ. स. ११९१ साली, कशेळी गाव ब्राह्मणभोजनाच्या खर्चासाठी दान दिल्याचा ताम्रपट आहे. पुढे यादव राजा सिंघण याने शिलाहारांचे राज्य घेतले. त्या सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख आपल्या शिरोळ तालुक्यातच, खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात आहे. आपण कितीदा तेथे हळदीकुंकू वाहून आलो, परंतु खिद्रापूर आणि कशेळी एकाच इतिहासाच्या गोष्टीतली दोन गावे आहेत, हे कुणाच्या मनात आले होते?

ताम्रपटाची हकीकत ऐकताना माझ्या मनात मात्र भलताच विचार आला. राजाचे नाव राहिले, दानाची तिथी राहिली. पण त्या भोजनाचा रोजचा स्वयंपाक ज्यांनी रांधला, त्यांचे काय? आपल्यासारख्यांची नावे तांब्यावर कोण कोरणार!

याहून जुनी गोष्ट कशेळीच्या कातळावर आहे. गावाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्याच्या पठारावर, एक हत्ती कोरलेला आहे. तो सुमारे १८ मीटर लांब आहे. आपल्या मंडळाच्या सभागृहात तो मावणार नाही. त्याच्या पोटात मासे, पशू, पक्षी अशी कितीतरी लहान चित्रे आहेत. जवळ उभे राहिले तर नुसत्या रेघाच दिसतात. चार पावले मागे सरावे, तेव्हा हत्ती दिसतो. ही कातळशिल्पे दहा हजार वर्षांहूनही जुनी असावीत, असे अभ्यासक मानतात. बारसू, देवीहसोळ, उक्षी, जांभरुण अशा अनेक गावी ती सापडली आहेत. २०२२ साली कोकण किनाऱ्यावरील अशा नऊ ठिकाणांची नावे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्यांत सात ठिकाणे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत आणि कशेळी त्यांत आहे.

पिढ्यान्‌पिढ्या गुराख्यांनी ही चित्रे पाहिली, पांडवांनी काढली म्हणून नमस्कारही केला. पण त्यांची नोंद अगदी अलीकडे झाली. ज्या जांभ्यावर ती आहेत, तोच जांभा चिऱ्यांसाठी कापला जातो. खाण आधी पोहोचली तर चित्र कायमचे गेले. कागदावर नसलेली गोष्ट अशी एका दिवसात नाहीशी होते.

हे ऐकून मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या जात्यावर बसल्या की ओवीला ओवी जोडीत. त्यांत घाट असे, वाडीचे दत्त महाराज असत, पुरात वाहून गेलेली घरे असत. "सासूबाई, या लिहून घेते हं," असे मी वर्षानुवर्षे म्हणत राहिले. एका वहीत थोड्या उतरवल्याही होत्या. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले, त्यात ती वही भिजून लगदा झाली. सासूबाई तर त्याआधीच गेल्या होत्या. आपला घाट पुरात बुडतो, पण पाणी ओसरले की पुन्हा वर येतो. ती वही काही वर आली नाही. दोष पुराचा थोडा, माझ्या आळसाचा अधिक.

हजारो वर्षांपूर्वी हत्ती कोरणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. रांधणाऱ्यांचे नाही. एका कनकेचे नाव तेवढे राहिले, कारण तिने स्वप्न मनात न ठेवता गावाला सांगितले आणि गावाने तिचे ऐकले.

म्हणून माझी एकच विनंती आहे. पुढच्या स्मरणिकेपर्यंत प्रत्येकीने आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसावे आणि तिची एक आठवण, एक ओवी किंवा एक रीत लिहून आणावी. शुद्धलेखनाची चिंता करू नये. माझे तरी कुठे शुद्ध आहे? वही मात्र माळ्यावर, उंच जागी ठेवावी. आणि जमल्यास एकदा आंबा घाट उतरून जावे. माहेर आपले आहे, वाट पाहत असेल.