परसातले खुराडे : उबेपेक्षा हवा महत्त्वाची

शहरात जागा अपुरी पडू लागली, की आपण घराला 'खुराडे' म्हणतो. अंधारे, कोंदट, दाटीवाटीचे घर असा त्या शब्दाचा अर्थच होऊन बसला आहे. गावाकडच्या घरी किंवा बंगल्याच्या परसात आठ-दहा कोंबड्या पाळण्याची हौस पुरी करताना अनेक जण नेमके तसेच खुराडे बांधतात आणि पहिल्याच पावसाळ्यात कोंबड्या दगावू लागल्या की बुचकळ्यात पडतात. मुंगूस-मांजराची भीती आणि थंडीची काळजी यांपोटी चारही बाजू बंद केल्या जातात. प्रत्यक्षात अंगावर पिसांचे पांघरूण असलेल्या प्रौढ कोंबडीला आपल्याकडची थंडी सहसा बाधत नाही. तिला बाधतात ती ओल, कोंडलेली हवा आणि उन्हाळा. त्यामुळे चांगल्या खुराड्याच्या अटी तीनच : ते कोरडे असावे, हवेशीर असावे आणि रात्री पूर्ण बंदोबस्ताचे असावे.

जागा आणि दिशा

खुराडे उंचवट्यावर, पाण्याचा निचरा होणाऱ्या जागी असावे. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद बाजूंवर पडते आणि आतला भाग तापत नाही. जवळ शेवगा, पपई किंवा आंब्याची सावली असल्यास उत्तम. मात्र फांद्या छपराला टेकू देऊ नयेत, कारण उंदीर आणि मांजरे त्यांवरूनच उतरतात. घरापासून खुराडे फार दूर नको. रात्री कोंबड्यांनी कालवा केला तर तो ऐकू आला पाहिजे.

दहा कोंबड्यांसाठी मापे

रात्रीच्या मुक्कामासाठी एका कोंबडीला सुमारे दोन ते अडीच चौरस फूट जागा धरतात. दहा कोंबड्यांना सहा फूट लांब आणि चार फूट रुंद खोली पुरते. आतली उंची मागच्या बाजूस चार व पुढच्या बाजूस पाच फूट ठेवली, की छपराला आपोआप उतार मिळतो. दिवसा फिरण्यासाठी खोलीला लागून जाळीचे अंगण हवे. तेथे प्रत्येकीला दहा चौरस फूट, म्हणजे एकूण दहा फूट बाय दहा फूट जागा ठेवावी. जागा याहून कमी पडली, तर कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात आणि टोचाटोची सुरू होते.

कोंबडी रात्री जमिनीवर नव्हे, उंचावर बसते. त्यासाठी जमिनीपासून दीड फूट उंचीवर, कडा गोल केलेल्या दोन इंच जाडीच्या लाकडी दांड्या बसवाव्यात. प्रत्येकीला आठ ते दहा इंच जागा लागते; तेव्हा खोलीच्या लांबीइतक्या दोन दांड्या पुरेशा होतात. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर असाव्यात, अन्यथा वरच्या दांडीसाठी रोज भांडणे होतात.

अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक, म्हणजे दहा कोंबड्यांना दोन-तीन खोकी लागतात. फूटभर लांबी-रुंदीचे खोके, आत भाताचे तूस किंवा वाळलेले गवत आणि थोडा अंधार एवढे पुरे. खोकी दांड्यांपेक्षा खालच्या पातळीवर असणे मात्र महत्त्वाचे आहे. ती वर असली तर कोंबड्या रात्री तेथेच झोपतात आणि अंडी विष्ठेने माखतात.

भिंत, छप्पर, जमीन

भिंत खालून दोन फूट भरीव असावी. तिच्या वर छपरापर्यंत जाळी. पावसाची झोड ज्या दिशेने येते, ती बाजू पूर्ण बंद केली तरी चालते. उरलेल्या बाजूंना गोणपाटाचा किंवा ताडपत्रीचा पडदा लावावा. तो खालच्या बाजूने पक्का बांधून वरून उघडता येईल असा असावा. पडदा ओढला तरी वरून फट राहते आणि दमट, उग्र हवा बाहेर जाते. सकाळी खुराडे उघडताच नाकाला झोंबणारा वास आला, तर तो अमोनियाचा असतो. आपल्याला तो क्षणभर सोसावा लागतो. कोंबड्यांनी त्यात रात्र काढलेली असते. डोळ्यांचे आणि श्वसनाचे विकार येथूनच सुरू होतात.

छपराच्या पागोळ्या भिंतीपासून किमान अडीच-तीन फूट पुढे पडाव्यात. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे यात काटकसर करू नये. विदर्भ-मराठवाड्यात चिंता उन्हाची. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग आहे. म्हणून पत्र्याला वरून चुना लावावा आणि त्यावर झावळ्या किंवा गवताचा थर घालावा. कौले मिळाली तर पत्र्याहून बरी.

जमिनीचे दोन प्रकार सोयीचे ठरतात. अति पावसाच्या भागात खोली खांबांवर दोन फूट उचलून, अर्ध्या इंचाच्या फटी ठेवून पट्ट्यांची जमीन करावी. विष्ठा खाली पडते आणि झाडून नेता येते. मात्र मुंगूस खालूनही येतो, हे लक्षात घेऊन पट्ट्यांखाली जाळी ठोकावी. कोरड्या भागात फूटभर जोत्यावर सिमेंटची जमीन करून तीन-चार इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा. तो अधूनमधून खालीवर करावा लागतो. मूठभर भुसा दाबल्यावर त्याचा गोळा झाला, तर ओल जास्त आहे असे समजावे. ओल्या भुशात रक्ती हगवणीचे परजीवी झपाट्याने वाढतात.

रात्रीचा बंदोबस्त

बाजारात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते. कुत्रा किंवा रानमांजर यांना ती बाहेर ठेवू शकत नाही. रात्रीच्या खोलीला अर्ध्या इंचाची, जोड दिलेली जाड तारेचीच जाळी वापरावी. त्यातून घूस आणि अंड्यांवर टपलेले सापही शिरत नाहीत. अंगणाची जाळी फूटभर जमिनीत गाडावी आणि घार-कावळ्यांसाठी वरूनही झाकावी. दाराला कडी आणि अडसर दोन्ही हवेत. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत येतात; त्या मोजून दार लावण्याचा नेम मात्र माणसानेच पाळायचा असतो.

साफसफाईची सोय

जे खुराडे साफ करताना वाकून रांगावे लागते, ते साफ होत नाही. म्हणून पुढची बाजू कपाटासारखी पूर्ण उघडणारी ठेवावी. अंड्यांच्या खोक्यांना बाहेरून झाकण असावे. दांड्या खोबणीत नुसत्या ठेवाव्यात, खिळ्यांनी ठोकू नयेत. दिवसा फटींत लपून रात्री रक्त पिणारे पिसू-गोचिडांसारखे कीटक दांड्यांच्या टोकांशीच सापडतात. दांड्या काढून उन्हात टाकल्या आणि भिंतींना वरचेवर चुना दिला, की त्यांचा उपद्रव आटोक्यात राहतो. अंगणाच्या कोपऱ्यात कोरडी माती व राख ठेवावी. कोंबड्या तिच्यात लोळून अंग स्वच्छ करतात.

रोगराई आणि शेजार

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही या रोगाने कोंबड्या मेल्या. परसातल्या पाळणाऱ्यानेही यातून धडा घ्यावा. दाणा-पाणी छपराखाली ठेवावे, म्हणजे रानपक्षी त्याला तोंड लावत नाहीत. खुराड्यासाठी वेगळी पायताणे ठेवावीत. नवी कोंबडी आणल्यास दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. राणीखेत रोगाची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तर त्या ओढ्यात फेकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

शहराच्या हद्दीत कोंबड्या पाळण्यापूर्वी पालिकेचे आणि गृहसंस्थेचे नियम पाहून घ्यावेत. केवळ अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तो पिलांसाठी लागतो. पहाटेच्या बांगेवरून होणारा शेजाऱ्यांशी वाद एवढ्यानेच टळतो.

खुराडे बांधून झाले, की एकदा रात्री दिवा घेऊन त्यात डोकावावे आणि दोन-चार श्वास घ्यावेत. हवा मोकळी वाटली आणि हाताला ओल लागली नाही, तर कोंबड्या निर्धास्तपणे आत सोडाव्यात.