स्प्रिंग, तेल आणि घरचा कारागीर

यंत्रांच्या इतिहासात कारखान्यांची नावे ठळक अक्षरांत येतात. घरच्या पडवीत पाना घेऊन बसलेला मनुष्य बहुधा विसरला जातो. चिखलातून व खाचखळग्यांतून धावणाऱ्या मोटारसायकलीच्या, म्हणजे डर्ट बाइकच्या, सस्पेन्शनचा इतिहास मात्र त्यास वगळून सांगता येणार नाही, असे आमचे मत आहे.

इंग्लंडात सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे १९२४ साली या प्रकारची पहिली प्रसिद्ध शर्यत झाली. त्या काळी बहुतेक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्यास ताठ जखडलेले असे. धक्के सोसावयाचे ते स्वाराच्या गुडघ्यांनी. पुढील चाकास स्प्रिंग असे. परंतु स्प्रिंग धक्का नाहीसा करीत नाही. तो उसना घेते आणि तत्काळ परत करते. ही परतफेड आवरण्यास तेल लागते. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल रेटले गेले, की धक्क्याची शक्ती उष्णतेत विरते. १९३५ साली बीएमडब्ल्यूने तेलाने आवरलेला, दुर्बिणीसारखा सरकणारा फोर्क बाजारात आणला, त्याचे महत्त्व यातच आहे.

तथापि १९७० च्या सुमारासही मागच्या चाकाची चाल चारेक इंचांपलीकडे गेली नव्हती. बेल्जियमचे अभियंता लुसियाँ टिल्केन्स यांनी दोन शॉक अॅब्सॉर्बरांऐवजी एकच लांब शॉक टाकीखाली बसविण्याची रचना योजिली. यामाहाने ती उचलली, आणि १९७३ साली स्वीडनच्या हाकान आंदरसनने यामाहावरून २५० सीसी वर्गाचे मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद पटकाविले.

ज्यांस अशी गाडी मिळणे शक्य नव्हते, ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी आपल्या गाड्यांचे शॉक मागच्या कण्यापासून पुढे सरकविले आणि त्यासाठी सांगाडे कापून पुन्हा सांधले. शॉक तोच, पण आता तो थोडा दबला तरी चाक पुष्कळ वर जाई. या लाभाचे मोल तेलास द्यावे लागले. भार वाढला, तेल तापले, त्यात हवा मिसळून फेस झाला आणि स्प्रिंग पुन्हा बेलगाम झाली. म्हणून शॉकला तेलाची वेगळी कुपी जोडण्यात आली आणि तेल दाबून धरण्यासाठी नत्रवायू भरण्यात आला. दहा-बारा वर्षांत चाकाची चाल बारा इंचांच्या घरात पोचली.

आजही या यंत्राचा खरा शत्रू खड्डा नसून उपेक्षा आहे. मातीचा कण फोर्कच्या सीलमध्ये शिरला की तो चकचकीत नळीवर ओरखडा काढतो आणि त्या वाटेने तेल झिरपते. आतले तेल झिजलेल्या धातूने काळवंडते. पण हे हळूहळू घडत असल्याने स्वारास गाडी बिघडल्याचे कळत नाही, आपलेच हात थकले असे वाटते. फोर्क उतरवावा, नळी पुसून तपासावी, सील व बुश बदलावेत, तेल मापून घालावे, नळी वरखाली करून हवा काढावी: एवढे काम काळजीवाहू मनुष्यास घरी साधते. मागच्या शॉकमधील वायू मात्र वातावरणाच्या सुमारे दसपट दाबाखाली असतो. तो सोडल्यावाचून शॉक उघडणे जिवावर बेतेल. आणि तो पुन्हा भरण्याची साधने नसतील, तर ते काम जाणत्या कारागिराकडे सोपविण्यात कमीपणा नाही.

ज्यांनी सांगाडे कापले त्यांचे धाडस आम्हांस वंद्य वाटते. परंतु ठरल्या वेळी काळे तेल ओतून टाकणाऱ्याची निष्ठाही त्याच परंपरेतील आहे. यंत्र विकत घेतल्याने आपले होत नाही. त्याचे अंतरंग जाणल्याने होते.